जुनं पाद्र्याचं घर कसं वाचायचं: इंग्लंडला मुलांकडे जाणाऱ्या पुणेकरांसाठी

आमची लेक ब्रायटनला असते, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी आमची तिकडे फेरी होते, आणि लंडनचे पूल, म्युझियमं वगैरे पहिल्या दोन आठवड्यांत उरकलं की मग पुढे काय हा प्रश्न तिकडे गेलेल्या सगळ्याच आईबापांना पडतो, कारण मुलं ऑफिसला, नातवंडं शाळेत आणि आपण खिडकीत. मी सिव्हिलवाला. नोकरीची शेवटची चौदा वर्षं पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत गेली आणि लहानपण तर वाड्यातच, शुक्रवार पेठेत. तर मला तिकडे एक नाद लागला, खेड्यातल्या चर्चशेजारी पाद्र्याचं जे जुनं घर असतं ते बघायचा. तासन् तास बघतो. बरोबरीच्या दोघा-तिघांनी विचारलं की एवढं काय बघतोस, आम्हालाही सांग, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बाहेरच्या पाटीवर 'चौदावं शतक' लिहिलेलं असलं तरी ते घर चौदाव्या शतकातलं नसतं, म्हणजे असतं, पण त्यातली एक खोली असते, शेजारची सतराव्यातली असते, पुढची भिंत अठराव्यातली आणि मागची मोरी परवाची. म्हणून 'मूळचं घर कुठलं' ह्या प्रश्नात अडकू नका. प्रत्येक भिंतीला, प्रत्येक खिडकीला एकच विचारायचं, की बाई तू कुणासाठी आलीस आणि तू आलीस तेव्हा इथे आधी काय होतं. क्रम लागला की साल आपोआप जवळ येतं.

पाद्र्याचंच घर का, दुसरं कुठलं का नाही? कारण ते क्वार्टर आहे. आपल्याकडे कलेक्टरचा बंगला किंवा रेल्वेचं क्वार्टर असतं ना तसं. घर चर्चच्या जागेचं, पाद्री बदलत राहणार, पण गंमत अशी की दुरुस्तीचा भार त्या त्या वेळच्या पाद्र्यावर. तो गेला, म्हणजे बदलून गेला किंवा देवाघरी गेला, की नवा येणारा माणूस घर बघून म्हणायचा की छप्पर गळतंय, वासे कुजलेत, ह्याचे पैसे द्या, आणि ते पैसे जाणाऱ्याकडून किंवा त्याच्या बायकामुलांना मिळणाऱ्या इस्टेटीतून वसूल व्हायचे. नवरा गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांत घर सोडायचं आणि वर छपराचे पैसेही द्यायचे, काय झालं असेल त्या बायकांचं. पण आपल्या दृष्टीने ह्याचा परिणाम असा की ह्या घरांत डागडुजी बेताची, मोडतोड कमी, जुनं पाडून नवं बांधण्यापेक्षा जुन्यालाच काहीतरी जोडून भागवलेलं, आणि भांडणं झाली म्हणून कागद भरपूर. वाचायला ह्याच्याइतकं चांगलं घर नाही.

राहणारा माणूस कसा बदलत गेला तेही थोडक्यात लक्षात ठेवा, कारण घर त्याच्याप्रमाणे बदललंय. आधीचा कॅथलिक पाद्री, लग्न न केलेला, त्याला एक मोठी खोली आणि दोन बाजूंना लहान खोल्या पुरायच्या. 1549 साली पाद्र्यांना लग्नाची परवानगी मिळाली, मधे कॅथलिक मेरी राणीच्या काळात ती गेली आणि एलिझाबेथच्या काळात पुन्हा चालू झाली, मग बायको आली, मुलं आली, झोपायच्या खोल्या आल्या, धूर नको झाला. अठराव्या शतकात पाद्री म्हणजे गावातला जंटलमन, जमीनदाराबरोबर जेवायला बसणारा, त्याला पुढून घर रुबाबदार हवं. 1776 साली गिल्बर्ट ॲक्ट आला आणि चर्चच्या उत्पन्नावर, साधारण दोन वर्षांच्या उत्पन्नाइतकं, कर्ज काढून घर बांधायची किंवा दुरुस्त करायची सोय झाली. 1838 च्या कायद्याने एका पाद्र्याने चार-चार गावांची उत्पन्नं खायची आणि राहायचं भलतीकडे ह्याला आळा बसला, म्हणजे गावातच राहणं भाग पडलं आणि बांधकामाला जोर आला, नोकरांची विंग, मागचा जिना, नोकरांना बोलवायच्या घंटांच्या तारा. आणि विसाव्या शतकात ही घरं चर्चला परवडेनात, विकली गेली. आज 'द ओल्ड रेक्टरी' अशी पाटी असलेल्या घरात बहुतेक वेळा पाद्री राहत नाही, तो जवळच्या लहानशा नव्या घरात असतो. रेक्टरी आणि व्हिकरेज, दोन्ही पाद्र्याचीच घरं, त्यांच्यातला फरक पण उत्पन्नाचा आहे, रेक्टरला धान्याचा मोठा दशांश, म्हणजे गावच्या पिकाचा चर्चला द्यायचा दहावा भाग, मिळायचा, व्हिकरला किरकोळ, म्हणून सहसा रेक्टरी मोठी.

जायच्या आधी पुण्यातच हात साफ करा

हे मी प्रत्येकाला सांगतो. विमानात बसायच्या आधी दोन सकाळी पेठांत घालवा. विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने 1807 मध्ये बांधून घेतला, 1821 मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली, 1879 च्या आगीत बराच भाग जळाला आणि परत बांधला गेला, नंतर कितीतरी कचेऱ्या आल्या. समोरच्या फुटपाथवर उभं राहून सुरूचे खांब नि सज्जा सगळेच बघतात, तुम्ही आत जाऊन चौकातले खांब बघा. तळखडा बघा, खांबाखालचा दगड. सगळ्या तळखड्यांची उंची नि घडण एकसारखी आहे का, हस्ताचं, म्हणजे खांबाच्या डोक्यावरच्या लाकडी आधाराचं, कोरीवकाम एका खांबावर धारदार आणि शेजारच्यावर बोथट आहे का, तुळईत एखादी रिकामी खाच दिसते का ज्यात आता काहीच बसलेलं नाही. ती खाच म्हणजे साक्षीदार. कुसू, म्हणजे लाकडाचं कातरलेलं टोक, बसायला खाच केली, म्हणजे इथे कधीतरी दुसरं लाकूड होतं, ते कुणीतरी काढलं. नानावाड्यातही पेशवाईतलं लाकूडकाम आणि इंग्रज अमदानीतलं बांधकाम एकाला एक चिकटून आहे, दोन्हीच्या विटा बघा, पेशवाईतली वीट पातळ असते, डोळ्याला लगेच कळतं.

आणि खण मोजायची सवय लावा. आपण वाडा खणात मोजतो, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, पाच खणी सोपा, सात खणी. इंग्लंडचं जुनं लाकडी घर पण अगदी असंच मोजतात, ते त्याला बे म्हणतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला! कारण दोन्हीकडे घर उभं राहतं ते लाकडी सांगाड्यावर, भिंत मधे नुसती भरलेली, आपल्याकडे पांढरी माती नि विटा, त्यांच्याकडे काटक्यांच्या कुडावर मातीचा लेप. म्हणजे भिंत बदलली तरी सांगाडा तोच राहतो, आणि ज्याला खण मोजता येतात त्याला ते घर अर्धं कळलंच.

आधी लांबून, चर्चच्या आवारातून

बरीचशी ही घरं आता खाजगी आहेत, लोक राहतात, गेटच्या आत पाऊल टाकायचं नाही आणि कुणाच्या खिडकीवर कॅमेरा रोखायचा नाही. पण चर्चचं आवार सहसा उघडं असतं आणि पाद्र्याचं घर चर्चला खेटून, त्यामुळे दफनभूमीच्या भिंतीजवळून घराची एक बाजू आणि छप्पर मस्त दिसतं. लहान दुर्बीण जवळ ठेवा, आणि वेळ शक्यतो सकाळची किंवा चारनंतरची, कारण ऊन तिरपं असलं की भिंतीतली बुजवलेली दारं-खिडक्या उठून दिसतात. पाऊस पडून गेल्यावर तर अजून चांगलं, जुनी वीट आणि नंतर भरलेली वीट एका वेगाने वाळत नाहीत. तिकडे पावसाची वाट फार बघावी लागत नाही.

सुरुवात छपरापासून. उतार किती आहे बघा. गवती छपराला पाणी पटकन जावं म्हणून साधारण पन्नास अंशाचा तरी चढ लागतो, स्लेटला, म्हणजे आपल्या शाळेच्या पाटीचा दगड हो, त्याला खूप कमी चालतो. आता छप्पर स्लेटचं आहे पण उतार भलताच उभा आहे, तर समजा की आधी तिथे गवत होतं, कालव्याने आणि नंतर रेल्वेने वेल्सची स्लेट स्वस्त झाल्यावर वरचं आवरण बदललं आणि वासे तेच ठेवले. आपल्याकडे नळीची कौलं जाऊन मंगलोरी आली तसंच, 1865 मध्ये मंगळूरला बासेल मिशनने कारखाना काढला आणि मग पुढे पेठांतल्या पाख्या लाल झाल्या. कधीकधी उलट होतं, छप्पर उचलून वर मजला चढवतात, मग बाजूच्या तिकोनी भिंतीत जुन्या छपराची तिरकी रेघ राहते, खालचा दगड वेगळा, वरचा वेगळा.

मग चिमणी. माझ्या मते अख्ख्या घराची सगळ्यात मोठी खूण चिमणी आहे. जुन्या घरातल्या मोठ्या खोलीत, म्हणजे हॉलमध्ये, चिमणी नव्हतीच, जमिनीवर मधोमध आग पेटायची आणि धूर वर छपरातून निघून जायचा. चिमणी आली ती नंतर, सोळाव्या-सतराव्या शतकात. तर ती आढ्याच्या मधोमध जाडजूड उभी असेल आणि बरोबर तिच्या खाली पुढचं दार असेल, तर ती बहुतेक जुन्या घराच्या पोटात नंतर घुसवलेली आहे, आत गेल्यावर दारासमोर सरळ चिमणीची भिंतच येते आणि डावीकडे-उजवीकडे खोल्या. आढ्याच्या दोन्ही टोकांना एकसारख्या चिमण्या असतील तर घर किंवा निदान ती बाजू अठराव्या शतकातली असण्याची शक्यता जास्त.

पुढून नमस्कार, मागून गप्पा

घराला चक्कर मारता आली तर मागची बाजू आधी बघा, पुढची शेवटी. पुढची बाजू लोकांना दाखवायला केलेली असते. जुन्या लाकडी घराच्या पुढ्यात एक विटेची भिंत उभी केली, मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, झालं नवं घर, आणि मागे जावं तर तेच वाकडंतिकडं ओक लाकूड. लक्ष्मी रोडच्या आसपास असे कितीतरी वाडे होते, काही आहेत, पुढे बिडाच्या कठड्याची गॅलरी आणि आत चौकात पेशवाई खांब. कोपऱ्यावर उभं राहून पुढची भिंत किती जाडीची आहे ते बघा, कोपऱ्यातच कळतं की ही नुसती चिकटवलेली आहे की बाजूच्या भिंतीत गुंफलेली आहे.

गुंफण फार महत्त्वाची. आपला गवंडी भिंत पुढे वाढवायची असेल तर दाते सोडतो, म्हणजे टोकाला एकाआड एक वीट बाहेर ठेवतो, आणि विटा रचताना सांधमोड करतो, सांध्यावर सांधा येऊ देत नाही. भिंतीत जिथे वरपासून खालपर्यंत एक सरळ उभी रेघ दिसते, सांध्यावर सांधा, तिथे दोन वेगळ्या वेळचं काम भेटतं. इथे एक घर संपलं होतं, नंतर दुसऱ्याने पुढे बांधलं. आधीचं कुठलं हे ओळखायला कोपऱ्याचे मोठे घडीव दगड बघा, ज्या बाजूला ते आहेत ती बाजू आधीची, कारण कोपरा तिचा होता.

विटांचं पण सांगतो. 1784 मध्ये तिकडे विटांवर कर बसला, हजारी हिशोबाने, मग लोकांनी काय केलं तर वीट मोठी केली, म्हणजे तेवढ्याच भिंतीला कमी विटा. 1850 ला कर गेला. त्यामुळे सव्वादोन-अडीच इंच जाडीची वीट दिसली तर ती आधीची असू शकते आणि तीन इंचांच्या जवळपास गेली तर नंतरची, पण हे गावागणिक बदलतं, एका विटेवर निकाल देऊ नका, चार ओळी मोजून सरासरी काढा. खिडक्यांवर पण कर होता, 1696 ते 1851. बुजवलेली खिडकी दिसली की गाइडलोक लगेच विंडो टॅक्स म्हणतात. दरवेळी खरं नसतं. कितीतरी ठिकाणी आत चिमणीचा मार्ग असल्यामुळे खिडकी करणं शक्यच नव्हतं, पण पुढून सारखेपणा हवा म्हणून पहिल्यापासूनच खोटा कोनाडा केलेला. फरक असा ओळखा: भरावाची वीट आजूबाजूपेक्षा वेगळी आहे, खाली खिडकीची खरी दगडी चौकट-पायरी आहे, तर ती नंतर बुजवली. वीट तीच, चुना तोच, आणि बरोबर वर चिमणी आहे, तर ती कधी उघडी नव्हतीच.

सरकत्या खिडक्या असतील तर वरच्या झडपेच्या खालच्या दोन्ही टोकांना बघा, चौकटीचं लाकूड शिंगासारखं थोडं खाली आलंय का. शिंग असेल तर साधारण 1840-50 नंतरची खिडकी, कारण तेव्हा मोठी जड काच आली, मधल्या बारीक पट्ट्या गेल्या आणि सांध्याला बळकटी द्यायला लाकूड पुढे काढावं लागलं. बारीक पट्ट्या, लहान लहान काचा आणि शिंग नाही, तर आधीची, किंवा आधीच्यासारखी हल्ली केलेली. काच वाकून बघा, जुन्या काचेत समोरचं झाड जरा हलतं.

अजून एक, खालचा मजला वरच्यापेक्षा नवा असू शकतो. हे पुणेकराला पटकन पटेल. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकडच्या पेठांत मातीच्या भिंती विरघळल्या आणि पुष्कळ ठिकाणी वरचा लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला, मग खालून विटांची भिंत घेतली. तिकडे पूर नव्हे, पण जुन्या लाकडी घराचा वरचा मजला रस्त्याकडे दोन फूट पुढे आलेला असायचा आणि नंतर कुणीतरी त्याच्या टोकाखाली विटांची भिंत बांधून खालची खोली मोठी करून घ्यायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं घर विटांचं, जुनं लाकूड वर प्लास्टरखाली.

आत गेल्यावर: धूर, खुंट्या, रिकाम्या खाचा

आत जायला मिळणारी घरं म्हणजे नॅशनल ट्रस्टची, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या तिकडच्या संस्थेची वगैरे. ब्रायटनहून जवळ आहे ते ॲल्फ्रिस्टनचं क्लर्जी हाऊस, आणि एकच बघायचं असेल तर हेच बघा. चौदाव्या शतकातलं, गवती छपराचं, चर्चला लागून, मागे ककमिअर नदी. 1880 च्या पुढे ते इतकं मोडकळीला आलं होतं की पाडायचंच ठरत आलं होतं, तिथल्या पाद्र्याने धावपळ केली, आणि 1896 मध्ये नॅशनल ट्रस्टने ते दहा पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली इमारत, ट्रस्ट स्वतःच तेव्हा एक वर्षाचा होता. ऑक्टाव्हिया हिल ह्या संस्थापक बाईंनी त्यासाठी पैसे जमवले. पुण्यात वाडे पडताना बघितलेल्या माणसाला तिथे उभं राहून काय वाटतं ते लिहिता येत नाही.

समोरून बघा, मधला भाग आत आणि दोन्ही बाजूंचे वरचे मजले पुढे, पण छप्पर सलग एकच. त्या भागात ह्या पद्धतीला वील्डन हॉल हाऊस म्हणतात. मधला आत गेलेला भाग म्हणजे हॉल, खालपासून आढ्यापर्यंत मोकळा, मधे मजला नाही. जमीन खडूचे खडे कुटून केलेली आणि वर आंबट दूध देऊन घट्ट बसवलेली. मी वाकून हात लावला, गार, गुळगुळीत, जरा भेगाळलेली, आणि माजघरातली शेणाने सारवलेली जमीन आठवली, आई म्हणायची सारवताना हात एकाच दिशेने फिरव. एका तुळईवर ओकच्या पानाचं कोरीवकाम आहे, ट्रस्टचं चिन्ह त्यावरून आलं असावं असं तिथे सांगतात.

आता तुम्ही करायचं काय तर मान वर. तिथे हॉल उघडा राहिलाय, पण बहुतेक घरांत चिमणी आल्यावर हॉलमध्ये मधे मजला टाकून वर झोपायच्या खोल्या केल्या, म्हणजे आधीचा उंच हॉल आता दोन मजल्यांत कापला गेलाय. तो शोधायचा कसा? माळ्यावर वाशांना काजळी आहे का बघून. उघड्या आगीच्या धुराने वासे काळे, चकाकते काळे होतात, आपल्या चुलीच्या वरच्या वाशांसारखे, आणि ते कितीही शतकं गेली तरी तसेच राहतात. टॉर्च धरून बघत जा, ज्या खणात वासे काळे तो हॉल, जिथून पुढे स्वच्छ लाकूड सुरू झालं तिथे मधे भिंत होती. पाच मिनिटांत जुन्या घराचा नकाशा मिळतो. मधेच एक-दोन वासे स्वच्छ निघाले तर ते नंतर बदललेले. मधेच एक काळा वासा भलत्या जागी आला तर तो दुसरीकडून काढून वापरलेला, लाकूड महाग होतं, कुणी फेकत नसे.

मजला नंतर टाकलाय का ह्याची दुसरी खूण, त्या मजल्याच्या तुळया मूळ खांबात कुसू करून बसवल्यात की नुसत्या भिंतीवर टेकवल्यात किंवा चिमणीत घुसवल्यात. आणि खांबांच्या अंगावर हात न लावता नीट बघा, ओकच्या खुंट्या दिसतील, सांधा पक्का करायला मारलेल्या. खुंटी आहे पण तिने धरून ठेवलेलं लाकूडच नाही, नुसती दोन भोकं रांगेत, तर तिथे आडवं लाकूड होतं, बहुतेक जुनं दार किंवा पडदी. सांध्यांवर सुताराचे आकडे पण असतात, रोमन आकड्यांसारख्या रेघा, घर आधी अंगणात जोडून बघायचं आणि मग खुणा जुळवून उभं करायचं. आकडे सलग असतील तर ते खण एका वेळचे, मधेच क्रम तुटला तर थांबा, तिथे काहीतरी झालंय.

आणि टेप काढून भिंतींची जाडी मोजा. घराच्या मधली एखादी भिंत बाहेरच्या भिंतीइतकी जाड निघाली तर ती कधीकाळी बाहेरचीच होती.

हॉवर्थ: कुणी बदललं हे नावानिशी कळतं असं घर

उत्तरेला यॉर्कशायरमध्ये मुलं असतील तर हॉवर्थचं पार्सनेज बघा, ब्राँटे बहिणींचं, म्हणजे तिकडच्या प्रसिद्ध लेखिकांचं, घर म्हणून लोक जातात, आपण घर म्हणून जायचं. 1778-79 ची बांधणी, दगडी, मधोमध दार, पुढून सारखं. त्यांचे वडील पॅट्रिक ब्राँटे, इथले पाद्री, 1820 मध्ये राहायला आले. 1850 मध्ये शार्लटच्या हातात पुस्तकांचे पैसे होते तेव्हा तिने जेवणाची खोली आणि वरची आपली खोली मोठी करून घेतली, जागा आली कुठून तर मधल्या पॅसेजमधून आणि लहानपणीच्या मुलांच्या खोलीतून. त्या लहान खोलीत उभं राहिलं की ती अरुंद का आहे हे कळतं आणि मन भरून येतं, तोवर ज्यांच्याबरोबर तिथे खेळली ती भावंडं एकही उरली नव्हती. 1861 मध्ये वडील गेले, सहाही मुलांच्या मागे. क्वार्टरच ते, घरातल्या सामानाचा लिलाव झाला आणि नवा पाद्री आला. त्या वेड नावाच्या पाद्र्याने 1870 च्या दशकात उजव्या हाताला एक मोठी विंग जोडली, पुढे तिकोन काढून, ती आजही आहे आणि सारखेपणा मोडते. काही लोक म्हणतात ती पाडायला हवी होती. मला नाही पटत. तो पण तिथे राहिला, त्याचंही कुटुंब होतं, आणि 1928 पासून घराचं म्युझियम झालं तेव्हा ती जागा कामालाच आली.

कागद

घरी आल्यावर लॅपटॉप उघडा. हिस्टॉरिक इंग्लंडची संरक्षित इमारतींची यादी ऑनलाइन फुकट बघता येते, गावाचं नाव टाकलं की ग्रेड वन, टू स्टार, टू असा दर्जा आणि घराचं वर्णन मिळतं. पण हे नंतर वाचा, आधी वाचलं तर आपले डोळे तेच बघतात. ऑर्डनन्स सर्व्हेचे, म्हणजे तिकडच्या सरकारी नकाशा खात्याचे, जुने नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर इंग्लंडचे पण आहेत, दोन वेगळ्या सालांचे शेजारी ठेवून घराचा आकार ताडून बघा, विंग कधी आली ते दहा-वीस वर्षांच्या अंतराने सापडतं.

अजून खोलात जायचं असेल तर काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात ग्लीब टेरियर नावाचा कागद मागा. चर्चच्या मालमत्तेची यादी ती, आपल्या प्रॉपर्टी कार्डापेक्षा कितीतरी बोलकी, कारण पुष्कळ यादींत खोल्या एकेक करून लिहिल्यात, ह्या खोलीला फळ्यांची जमीन, त्या खोलीला मातीची, भिंत कशाची, छप्पर कशाचं. गिल्बर्ट ॲक्टखाली कर्ज काढलेलं असेल तर नकाशा आणि खर्चाचा अंदाज पण असतो. वाडेवाल्यांनी असे कागद जपले असते तर माझं अर्धं काम सोपं झालं असतं.

एक सावधगिरी सांगतो, मला ती महागात पडली होती. एका खेड्यात घराच्या दारावर कोरलेलं साल बघून मी अख्खं घर त्या सालाचं धरून वहीत नकाशा काढला, दोन दुपारी घालवल्या, आणि मग तिथे राहणाऱ्या आजोबांनी बोलावून वर नेलं तर माळ्यावर काजळी धरलेले वासे, म्हणजे निदान दीडशे वर्षं आधीचं घर. ते साल दार नवं बसवल्याचं होतं. कोरलेलं साल दुरुस्तीचं असतं, लग्नाचं असतं, कधी दुसरीकडून आणलेल्या दगडावरचं असतं.

शेवटी वहीत घराचा नकाशा काढा, सुबक नसला तरी चालेल, आणि रंगीत पेन्सिलींनी प्रत्येक काळाला एक रंग द्या, सगळ्यात जुन्याला काळा, मग तपकिरी, मग लाल असा. जे ठरत नाही ते कोरं सोडा आणि पुढच्या फेरीला तेवढंच बघायला जा. घरात कुणी म्हातारं माणूस भेटलं तर तुळईबद्दल विचारू नका, तुमच्या आजीच्या वेळी स्वयंपाक कुठल्या खोलीत व्हायचा ते विचारा. पुण्यात मी वाड्यात शिरलो की चूल कुठे होती हेच आधी विचारतो, आणि मग ते स्वतःहून उठतात आणि भिंतीवर हात ठेवून दाखवतात की हे दार इथे नव्हतं.